वाटी सांडते, खोली झाडायची राहते

प्रश्न : मांजराची पाण्याची वाटी आणि टीव्हीखालच्या वायरी यांच्याभोवती ॲपमध्ये लाल चौकोन आखून आम्ही रोबोट व्हॅक्यूमला मनाई केली होती. तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. गेल्या रविवारी सोफा हलवला, म्हणून चार्जिंगचा डॉकही समोरच्या भिंतीला नेला. तेव्हापासून वाटी रोज सांडते आणि बेडरूमच्या दारातून मात्र यंत्र माघारी फिरतं. बिघडलं असेल का?

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे, नकाशा सरकलाय. लाल चौकोन तुमच्या फरशीवर नसतो, यंत्राच्या नकाशात असतो, आणि बरीच यंत्रं तो नकाशा डॉकपासून मोजतात. डॉक नव्या भिंतीला गेला तरी यंत्र जुन्याच जागेवरून निघाल्याच्या समजुतीत असतं. वाटीभोवतीचा चौकोन आता बहुधा बेडरूमच्या दारात जाऊन बसलाय. यंत्र चालू असताना ॲप उघडून पाहा. भिंतींच्या रेषा दुहेरी दिसल्या किंवा यंत्र चक्क भिंतीतून जाताना दिसलं, तर निदान पक्कं.

डॉक जुन्या जागी ठेवून पाहा. ते नको असेल तर नवी जागा कायमची ठरवा आणि सगळ्या घराचा नकाशा पुन्हा करून घ्या. जुन्या नकाशाबरोबर चौकोनही पुसले जातात, तेव्हा आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढला नव्हता. सगळे चौकोन आठवून आठवून काढत बसले.

पुन्हा आखाल तेव्हा वाटीला अगदी चिकटून आखू नका. यंत्राचा स्वतःच्या जागेचा अंदाज थोडाफार चुकतो, शिवाय बाजूचा ब्रश बाहेर आलेला असतो. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. पण फार सढळ हातानेही नको. चपलांच्या रॅकभोवती मी एवढा ऐसपैस चौकोन काढला होता की शेजारच्या दारात जेमतेम ३० सेंटीमीटर वाट उरली. यंत्राची रुंदी ३५. आठ दिवस मागची खोली झाडलीच गेली नाही, आणि मी आपली ‘हल्ली किती लवकर आटपतं!’ म्हणून कौतुक करत होते.

वायरी मात्र उचलून बांधाच. नकाशा पुन्हा सरकला तर ब्रशमध्ये पहिल्यांदा त्याच गुंडाळल्या जातील. घरात जिना असेल तर तिथेही नुसत्या चौकोनावर विसंबू नका. पायरीची कड ओळखणारे सेन्सर यंत्राच्या पोटाशी असतात, ते अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. गालिच्यावर फक्त पुसणं नको असेल, तर पुसण्याची मनाई बऱ्याच ॲपमध्ये वेगळी देता येते. झाडणं चालू राहतं.

आणि मांजर वाटी नाकाने ढकलतं का, तेही एकदा बघा. आमचं ढकलतं. चौकोन काही वाटीमागे सरकत नाही. शेवटी वाटीखाली रबरी मॅट घातली.