वाचक विचारतात: ख्रिस्ताचं प्रायश्चित्त

प्रश्न : येशूने सर्वांसाठी प्रायश्चित्त केलं, असं म्हणतात. मग चर्चमध्ये पापकबुलीनंतर पुन्हा प्रायश्चित्त कशाला?

उत्तर : प्रायश्चित्ताचं मूळ चित्र बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात, अध्याय 16 मध्ये आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी मुख्य याजक आधी स्वतःसाठी गोऱ्हा अर्पण करी. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकत. एकाचं रक्त परमपवित्रस्थानात (उपासनास्थानाच्या सर्वांत आतल्या भागात) दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, आणि त्यासमोर शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. हे दरवर्षी. नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचं म्हणणं, ख्रिस्ताने ते एकदाच आणि कायमचं केलं.

कसं, यावर मात्र मतं वेगळी. अकराव्या शतकातल्या अँसेल्म या धर्मपंडिताला ती देवाच्या मानाची भरपाई वाटली, तर प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनला ख्रिस्ताने भोगलेली आपल्या वाट्याची शिक्षा.

कॅथलिक धर्मगुरू पापकबुलीनंतर प्रार्थना, उपवास वा दान सांगतात, ती क्षमेची किंमत नव्हे. पापाने झालेली मोडतोड सावरायची असते. चोरी केली असेल तर माल परत करायला हवाच. नुसती जपमाळ ओढून भागत नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते. जकातदार जक्कयाने (लूक 19) फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, तेही येशू आपणहून त्याच्या घरी उतरल्यावर.