जुनी पिकअप ठेवायची का काढायची

पोरा,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. 2012 ची बोलेरो पिकअप, साध्या (कॉम्प्युटरवर न चालणाऱ्या) डिझेल पंपाची, मिस्त्री म्हणतोय इंजिन उतरवावं लागतंय आणि 85 हजार सांगितलेत, मामा म्हणतोय भंगारात पैसे घालण्यापेक्षा नवी घे, आणि गाडी काढायचा विषय निघाला की आण्णा ताटावरनं उठतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. तू जेवढं लिहिलंयस त्यावरनं तरी गाडी ठेव, पण 85 हजार लगेच देऊ नको, आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, नीट बघितल्याशिवाय तर एक रुपया पण घालू नको. आता का ते सांगतो.

मामा जे गणित करतोय ते सगळेच करतात, की गाडीची किंमतच दीड-दोन लाख, त्यात 85 हजार म्हणजे निम्मी गाडी गेली. हे गणित चुकीचं आहे. बाजारात गाडीला किती येतात हे विकणाऱ्यानं बघायचं. तू चालवणारा आहेस, तुला बघायचंय की ही गेली तर तिच्या जागी जी येईल ती वर्षाला कितीला पडणार. समज नव्या पिकअपला डाउन पेमेंट भरून 8 लाखाचं कर्ज काढलंस, 11 टक्क्यानं, 5 वर्षांसाठी, तर हप्ता बसतो साधारण 17,400. म्हणजे वर्षाला 2 लाख 8 हजाराच्या वर, आणि हे 5 वर्षं. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा प्रीमियम जुन्या-नव्या दोन्हीला सारखाच, पण नवीला फायनान्सवाला फुल इन्शुरन्स घ्यायलाच लावतो, त्याचे वेगळे. याच्यापुढं 85 हजार ठेवून बघ, अगदी क्लच, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक धरून सव्वा लाख झाले तरी ते एकदाच जातात.

नवी जास्त ॲव्हरेज देते म्हणून हप्ता निघतो असं तुला कोणतरी सांगणार. ते पण मांडून बघू. महिन्याला 2500 किलोमीटर धर, जुनी 10 देते आणि नवी 12, म्हणजे 250 लिटर आणि 208 लिटर, फरक 42 लिटरचा. डिझेल 90 रुपये धरलं तर पावणेचार हजार वाचले. 17,400 पैकी पावणेचार. बाकीचे भाड्यातनं काढायचे, आणि तुझं भाडं बाराही महिने सारखं नाही हे तुला माहीत आहे, गुळाचा आणि उसाचा सीझन असतो तोवर बरं, मग जून-जुलै सुका. कारखान्यानं उसाचं बिल 14 दिवसात द्यायचा कायदा आहे तरी ते कधी कधी किती लांबतं हे तू घरात बघितलंयस, पण हप्ता 5 तारखेला म्हणजे 5 तारखेलाच कापला जातो. हप्ते थकून नवीकोरी गाडी परत ओढून नेलेली मी बघितलीय, त्या पोराची अवस्था बघवत नव्हती, म्हणून एवढं कळकळून सांगतोय.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. या सगळ्या हिशोबात एक खर्च लोक धरतच नाहीत, गाडी उभी राहते त्या दिवसांचा. पार्टी एकदा ऐकून घेते, दुसऱ्यांदा दुसरी गाडी बघते. तू मार्केट यार्डला भाजी टाकतोस आणि अधूनमधून गगनबावड्यावरनं खाली कोकणात माल नेतोस म्हणालास. यार्डला उशीर झाला तर भाव पडतो, आणि घाटात बंद पडली तर टोईंग, मालाचं नुकसान, वर पावसात रात्रभर तू नि क्लिनर. रोज दूध गोळा करायचं काम असतं तर मी तुला वेगळं सांगितलं असतं, तिथं एक दिवस चुकवून चालत नाही. तुझं काम तसं नाही, आठवड्यात एक-दोन दिवस मोकळे असतात, ते रिपेअरीला मिळतात. म्हणून आजपासनं वही घाल. डिझेल, ऑइल किती टॉपअप केलं, कुठला पार्ट बदलला, आणि किती दिवस उभी राहिली. मेन म्हणजे हा शेवटचा आकडा.

आता इंजिन. तू लिहिलंयस सकाळी स्टार्टिंगला त्रास देते, चढाला ओढत नाही, धूर मारते. धूर कुठल्या रंगाचा ते लिहिलंच नाहीस, आणि तिथंच सगळं आहे बघ. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय नाहीतर हवा कमी पडतीय, मग एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात हवा कोंबतो त्याचा) होज कुठं फाटलाय का, डिझेल फवारणारं नोजल, पंप, हे बघायचं, याच्यासाठी कोण इंजिन उतरवत नाही. सकाळी थंड असताना थोडा पांढरा येऊन गरम झाल्यावर बंद होतो, ते नोजल नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी. गरम झाल्यावर पण पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. त्यात पण बराच वेळ आयडलला उभी राहून ॲक्सिलेटर दिल्यावर भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व सील किंवा टर्बोचं सील असू शकतं, आणि लोडवर चढाला सतत निळा येत असेल तर मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, तिथं मिस्त्री बरोबर आहे.

अजून एक घरच्या घरी बघ. इंजिन गरम करून आयडलला ठेव, ऑइल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर उलटं नुसतं ठेव. थोडी वाफ आली तर चालतंय, पण झाकण नाचायला लागलं आणि फुकफुक धूर यायला लागला तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे दाब रिंगांवरनं खाली गळतोय, रिंगा गेल्यात. आणि मिस्त्रीला एकच विचार, कॉम्प्रेशन मोजलंस का? गेज लावून चारी सिलिंडरचं मोजायचं, कागदावर लिहून घ्यायचं. चारी सारखे कमी असतील तर इंजिन दमलंय. एकच कमी असेल तर तिथला व्हॉल्व, हेड किंवा एखादी रिंग, काम आवाक्यातलं असू शकतं. न मोजता 85 हजार सांगणारा माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, आवाजावरनं ओळखणारे मिस्त्री आपल्याकडं आहेत, पण पैसे तुझे आहेत, म्हणून मोजूनच घे. आधी नोजल आणि पंप टेस्टिंगला टाक, टॅपेट (व्हॉल्वचा गॅप) सेट करून घे, फिल्टर बदल, आणि मग बघ काय उरतंय. निम्म्या वेळा तिथंच गाडी सुधारते.

आणि इंजिन खरंच बांधायचं झालं तरी घाबरू नको, तू कोल्हापुरात आहेस. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवली ह्या लोकांनी, बोअर करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, हेड फेसिंग करणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. साध्या पंपाचं इंजिन इथं कुणालाही कळतं आणि पार्ट दुकानात मिळतो. फक्त स्वतः हजर राहा. बोअर केल्यावर पिस्टन कुठल्या साइजचं घातलं, हेडला क्रॅक आहे का टेस्ट केलं का, क्रँकच्या बेअरिंगा कुठल्या कंपनीच्या, बिल घे आणि जुने पार्ट परत मागून घे. बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर निम्मा लोड, रेस जास्त नाही, गगनबावडा नाही, आणि मग ऑइल फिल्टरसकट बदल. हे न पाळल्यामुळं चांगली बांधलेली इंजिनं वर्षात परत धूर मारायला लागतात आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

हे सगळं चासी चांगली असेल तरच. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बांधता येतो, चासी कुजली की संपलं. हौद्याखाली झोपून बघ, बॅटरी घेऊन, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, क्रॉस मेंबर जिथं जोडलेत तिथं. हातोडीनं ठोकून बघ, चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद वाजतं आणि पापुद्रे पडतात. क्रॉस मेंबरला चीर असेल तर चांगला वेल्डर सरळ करून देतो. पण मेन चासीचीच पट्टी हँगरपाशी पापुद्र्यानं सुटत असेल तर इंजिनात पैसे घालू नको, गाडी काढ, आण्णांना मी समजावतो. खताची पोती वाहिली असतील किंवा कोकणातनं मासळी आणली असेल तर जास्तच बघ, बर्फाचं खारं पाणी हौद्यातनं खाली उतरतं आणि चासी खातं. चासी नंबर पण घासून बघ, वाचता येतोय का, आरटीओच्या पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, तो लागतो.

पासिंगवरनं आठवलं. मामा म्हणाला ना डिझेल गाडी 10 वर्षांनी बंद होणार, ते दिल्ली-एनसीआरचं आहे, आपल्या एमएच 09 ला लागू नाही. आपल्याकडं 8 वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग आणि वर पर्यावरण कर, ते तू भरतोयसच. पण 2027 ला तुझ्या गाडीला 15 वर्षं पुरी होतात आणि 15 च्या पुढं फिटनेसची फी बरीच जास्त आहे, ती आत्ताच हिशोबात धर. म्हणूनच म्हणतो, इंजिन बांधलंस तर किमान दोन-तीन वर्षं चालवायच्या तयारीनंच बांध. बांधून लगेच विकायची असेल तर बांधूच नको, घेणारा त्याचे निम्मे पण देत नाही.

मधला मार्ग म्हणून चार-पाच वर्षांची सेकंडहँड बघतोयस असंही लिहिलंयस. बघ, वाईट नाही, पण आपल्या भागात 2019 आणि 2021 चा महापूर विसरू नको. पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन पुसून विकल्या जातात. सीटचे नट, सीटखालची पट्टी, डॅशबोर्डच्या आतल्या वायरिंगच्या गाठी, फ्यूज बॉक्स, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटाला मातीची रेघ आहे का, सगळं बघ. आणि बीएस 6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाची असेल तर धूर गाळणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी मधून मधून लांब पळवावी लागते. यार्ड ते लक्ष्मीपुरी असल्या गावातल्या छोट्या फेऱ्यात ती तुंबते, आणि त्याचं काम उद्यमनगरातल्या बोअरवाल्याचं नाही, लॅपटॉप लावावा लागतो.

तर माझी रेषा अशी. चासी चांगली, कॉम्प्रेशन मोजून झालं, आणि सगळं मिळून खर्च नव्या गाडीच्या सात-आठ महिन्यांच्या हप्त्यात बसत असेल, तर बिनधास्त कर. त्याच्यावर गेलं, किंवा बांधल्यानंतर पण वहीत महिन्याला चार-पाच दिवस उभी दिसली, तर काढ. आण्णांना वाईट वाटेल, त्या गाडीवर त्यांनी तुमची शिक्षणं केलीत, ते वाटणारच. पण घाटात ब्रेक लागला नाही तर त्यांना त्याहून जास्त वाईट वाटेल, हे मी त्यांना सांगितलंय.

या शनिवारी संध्याकाळी गाडी माझ्याकडं आणून लाव आणि रात्री इथंच राहा. रविवारी सकाळी मी आल्याशिवाय स्टार्टर मारू नको, थंड इंजिन पहिल्या सेल्फला काय करतंय आणि धूर कुठला येतोय ते मला बघायचंय. येताना आण्णांना पण घेऊन ये, आणि जॅक आण, माझा लहान आहे.

तुझा काका