क्लच बदलला, बेअरिंग बदलली, तरी जुन्या डिझेल गाडीचा घूं-घूं आवाज जात नाही. गिअरबॉक्स उघडू का?

इतक्यात उघडू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २०१२ची आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, क्लच सेट आणि पुढची दोन्ही व्हील बेअरिंग नवी टाकली, तरी ५०च्या पुढे घूं-घूं सुरूच आहे आणि आता मेस्त्री गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. माझ्या २०११च्या डिझेल गाडीचं हेच झालं होतं. मी ठाण्यातल्या कासारवडवलीहून रोज वाशीला जातो, त्यामुळे तो आवाज रोज दोन वेळा ऐकून डोकं उठायचं. त्यात पैसेही बरेच गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आवाज कशाच्या मागे धावतोय ते ठरवा, इंजिनच्या की चाकांच्या. रविवारी पहाटे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला जा. रस्ता सरळ आहे आणि त्या वेळी मोकळा असतो. काचा बंद, एसी बंद, गाणी बंद. ६०ला पोचलात की ॲक्सिलरेटर सोडून गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन मात्र चालू ठेवा. बंद केलंत तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातील. इंजिनचा वेग खाली आला आणि आवाज तसाच राहिला तर क्लच, फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) आणि इंजिन माउंटिंग (इंजिन बॉडीला धरणारे रबरी आधार) यांच्यावरचा संशय गेला. उरतात टायर, व्हील बेअरिंग, आणि गिअरबॉक्समधला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग), कारण तो न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतो.

मग त्याच वेगात गाडी हळूच डावीकडे, उजवीकडे झुकवा. डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला आणि उलट बाजूला कमी झाला, तर उजवीकडचं बेअरिंग धरा. तुम्ही म्हणाल, ते तर नवीनच आहे. मीही तेच म्हणालो होतो, आणि माझे दोन महिने तिथेच गेले.

माझं नवीन बेअरिंगच खराब होतं. कंपनीतून आलं तेव्हा चांगलं असणार, बसवताना गेलं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी भागात) दाबून बसवावं लागतं, त्याला हायड्रॉलिक प्रेस लागते. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर यायला हवा. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आत घालताना आतल्या रिंगला आधार हवा. माझ्या मेस्त्रीने हातोड्याने ठोकून बसवलं. तो घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधून रिंगवर जातो, रिंगला बारीक खळगे पडतात, आणि थोड्याच दिवसांत घूं-घूं पुन्हा हजर. म्हणून बेअरिंग कशाने बसवलं ते तुमच्या मेस्त्रीला विचारा. ॲक्सलचा मोठा नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळला होता का, तेही विचारा.

माझं निदान दुसऱ्या एका जुन्या मेस्त्रीने पाच मिनिटांत केलं. चाक जॅकवर उचललं, गाडीखाली स्टँड लावला, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली. मग माझाही हात तिथे ठेवला. डावीकडची स्प्रिंग गप्प होती. उजवीकडे बोटांना बारीक खरखर लागत होती, जात्यात कोरडं धान्य फिरावं तशी. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. हे तुम्ही घरीच करून बघा, मागच्या चाकांनाही करा. मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो.

टायरही तपासा. तळहात टायरच्या नक्षीवर एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं टोचलं तर टायर वेडेवाकडे झिजलेत. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत चाकांची अलाइनमेंट बिघडली की असं होतंच. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर संशय आणखी पक्का. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज मागे गेला तर विषय संपला.

न्यूट्रलला आवाज गेला तर मात्र क्लचच्या कामाकडे वळा. त्या वेळी गिअरबॉक्स खाली आला, ॲक्सल निघाले, ऑइल काढलं गेलं. परत भरताना ऑइल कमी पडलं का, ते लेव्हलचा बोल्ट काढून बघा. माउंटिंगचे बोल्ट इंजिन ताणात असताना आवळले गेले असतील तर थरथर थेट बॉडीत येते. ते ढिले करून, इंजिन नीट बसू देऊन पुन्हा आवळायला सांगा. गाडी उभी, न्यूट्रलला, इंजिन चालू: क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, दाबल्यावर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं).

हे सगळं करूनही बोट गिअरबॉक्सकडेच राहिलं, तर आधी ऑइल काढायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ पेस्ट नेहमीची असते. चमकणारे कण किंवा पापुद्रे निघाले तर गिअरबॉक्स उतरवा. उतरवलाच तर इनपुट शाफ्टची आणि डिफरन्शियलची बेअरिंग एकदमच बदलून घ्या, कारण मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच जास्त असते.