लाल गोल ‘काळी’ला पडला, पडायला हवा होता ‘असूनही’ला

प्रश्न असा आलाय: लेकीने शाळेच्या भित्तिपत्रकासाठी झोझिबिनी टुन्झीवर चार ओळी लिहिल्या, त्यातलं एक वाक्य "काळी असूनही ती २०१९ मध्ये मिस युनिव्हर्स झाली", बाईंनी ‘काळी’भोवती लाल गोल केला, तर तिथे काय लिहावं, कृष्णवर्णीय, सावळी की आफ्रिकन?

माझं मत विचाराल तर ‘काळी’ राहू द्या आणि ‘असूनही’ खोडा. "ताप असूनही परीक्षेला बसली" म्हणतो ना आपण, म्हणजे असूनहीच्या आधी जे येतं ते विघ्न असतं. रंग हा ताप आहे का? आपल्याकडे हेच काम ‘पण’ करतो. माझ्या मावशीला बघायला आलेल्या बाई तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या, "रंगानं काळी आहे, पण नाकीडोळी नीटस." मी तेव्हा लहान होते, मला त्यातलं काही कळलं नाही, पण मावशीने पोह्यांचा ट्रे इतक्या जोरात ठेवला की चमचे खाली पडले, ते अजून आठवतं. काळी हा शब्द ती स्वतः रोज स्वतःबद्दल वापरायची, लागला तो ‘पण’.

आणि गंमत बघा, टुन्झी शेवटच्या फेरीत नेमकं हेच बोलली होती, की माझ्यासारखी त्वचा आणि माझ्यासारखे केस असलेल्या बाईला जिथे कधी सुंदर मानलंच नाही अशा जगात मी वाढले आणि हे आज थांबायला हवं. त्याच डिसेंबरात मिस युनिव्हर्स, मिस वर्ल्ड, मिस अमेरिका, मिस यूएसए आणि मिस टीन यूएसए हे पाचही किताब काळ्या मुलींकडे होते, काय दिसत असतील त्या पाचजणी एका रांगेत!

आता शब्द एकेक. ‘सावळी’ नको, सावळा म्हणजे काळ्याहून उजळ, आपण प्रेमाने म्हणतो हे खरं, पण टुन्झीला सावळी म्हणणं म्हणजे तिच्या फोटोवर फिल्टर लावण्यासारखं आहे. ‘आफ्रिकन’ तिला चालेल कारण ती दक्षिण आफ्रिकेची, पण जिम्नॅस्ट सिमोन बाईल्स अमेरिकन आहे, तिला आफ्रिकन वंशाची म्हणा. जुन्या मराठी लेखांतला ‘निग्रो’ आता अजिबात नको. ‘कृष्णवर्णीय’मध्ये चूक काही नाही, बातमीत शोभतो, पण घरात कोणी बोलतं का असं? "अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन, १९९२" इथे तो हवाच, कारण तिथे ती पहिली असणं हाच मुद्दा आहे. बाईल्सने रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ ला ४ सुवर्णपदकं घेतली हे सांगताना मात्र दर वेळी रंग कशाला चिकटवायचा, ती उडी तिची आहे.

‘काळी’च का म्हणते मी, तर मराठीत हा शब्द मुळात हलका नाहीच. जमिनीला आपण काळी आई म्हणतो, जुन्या व्यवहारात तर ‘काळी’ म्हणजेच पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, आणि चंद्रकळा असावी तर काळी. तिकडे अमेरिकेत साठच्या दशकात लोकांनी ‘निग्रो’ टाकून ‘ब्लॅक’ हा शब्द स्वतः उचलला, ज्या शब्दाने हिणवलं जायचं तोच छातीठोकपणे लावला. २०२० पासून तिथली बरीच वर्तमानपत्रं माणसांसाठी तो कॅपिटल अक्षराने लिहितात. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून तो मान आपल्याला वाक्याच्या बांधणीतूनच द्यावा लागतो, त्यामुळे ‘असूनही’ची एवढी कटकट करतेय.

केसांबद्दल लेकीने ‘राठ’ लिहिलं असेल तर तेही बदला, राठ म्हणजे तेलपाणी न मिळालेले. टुन्झीचे केस घट्ट कुरळे आणि अगदी बारीक कापलेले होते. लॉक्सना, म्हणजे केस वळून केलेल्या दोरीसारख्या बटांना, ‘जटा’ म्हणायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण आपल्याकडे जट म्हटलं की केसांत गुंता होऊन देवीच्या नावाने न कापलेली आणि मान दुखवणारी जट आठवते, ती सोडवायला इथे कार्यकर्ते गावोगाव फिरलेत. लॉक्स हौसेने वळतात, धुतात, जपतात. तेव्हा लॉक्सच लिहा. अशा केसांवरून नोकरीत किंवा शाळेत अडवू नये म्हणून कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदा करावा लागला, म्हणजे बघा.

लेकीचं वाक्य मी असं करेन: "काळी, घट्ट कुरळ्या आखूड केसांची झोझिबिनी टुन्झी २०१९ मध्ये मिस युनिव्हर्स झाली." आणि बाईंनी परत गोल केला तर लेकीलाच विचारू द्या, का म्हणून.