पुण्याहून येऊन कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलात पोस्टडॉक मिळेल का?

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ अगं-तुगंवरच येते. तुझं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. झालं, आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी आहे, हॉस्पिटलात ओपीडीचा अनुभव आहे, पीएच.डी.चा प्रबंध जमा करायच्या बेतात आहेस. नवरा सॅन होजेला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून तू एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर येणार. आल्यावर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात थेट पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं देखरेखीखालचं पगारी काम, मिळेल का, ते वर्ष कसं असतं आणि पगारात भागतं का, हे तुला हवंय.

पहिलं उत्तर कडू आहे, तेव्हा तेच आधी. रुग्ण बघायचं पोस्टडॉक भारतातल्या पीएच.डी.वर थेट मिळणं जवळजवळ अशक्य. हॉस्पिटलांच्या जाहिराती उघडून बघ, बहुतेक ठिकाणी पहिलीच अट असते की डॉक्टरेट एपीएने, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची हवी आणि इंटर्नशिपही मान्यताप्राप्त हवी. इथली पीएच.डी. किंवा साय.डी. (रुग्णसेवेवर भर असलेली डॉक्टरेट) पाच-सहा वर्षं चालते. वर्ग, प्रॅक्टिकम (रुग्णांबरोबरचा सराव) आणि प्रबंध झाला की शेवटचं वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप, तीही देशभरच्या मॅचमधून, म्हणजे उमेदवार आणि केंद्रांच्या पसंतीक्रमांच्या जुळणीतून, मिळालेली. त्यानंतर पोस्टडॉक. आपल्याकडे क्रम उलटा. रुग्णांबरोबरचं कसून काम एम.फिल.च्या दोन वर्षांत उरकतं आणि पीएच.डी. म्हणजे मुख्यतः प्रबंध. तुझा हात माझ्यापेक्षा जास्त चालत असेल, मला खरंच तसं वाटतं, पण फाइल चाळणाऱ्याला इंटर्नशिपचा रकाना रिकामा दिसतो आणि फाइल बाजूला पडते. माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांत सर्वांत जास्त जागा असतात, पण तिथे प्रशिक्षणार्थीला अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं, त्यामुळे तो विषय आपल्यासाठी संपलेलाच.

संशोधनाचं पोस्टडॉक मात्र मिळू शकतं. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी-३२ या प्रशिक्षण-अनुदानावरच्या जागा नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच असतात, पण एखाद्या प्राध्यापकाच्या स्वतःच्या प्रकल्पाच्या पैशातून तुला घेता येतं. प्रबंधाचा विषय जुळला तर आतापासून ईमेल करायला हरकत नाही. एवढंच लक्षात ठेव की प्रश्नावल्या भरून घेण्यात आणि आकडेवारीत गेलेले तास सायकॉलॉजिस्टच्या परवान्यासाठी आपोआप धरले जात नाहीत.

परवाना ही हॉस्पिटलापेक्षा निराळी भानगड आहे, आणि लोक सगळ्यात जास्त गल्लत इथेच करतात. कॅलिफोर्नियाचं सायकॉलॉजी बोर्ड परदेशी डॉक्टरेटचा विचार करतं, फक्त ती इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीची आहे हे मूल्यांकन करून दाखवावं लागतं. पुढे ३,००० तास देखरेखीखालचं काम, त्यातले किमान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. मग ईपीपीपी ही परीक्षा, २२५ प्रश्न, सव्वाचार तास, आणि वर कॅलिफोर्नियाची कायदा व नीतीची वेगळी परीक्षा. म्हणजे हॉस्पिटल ज्या पदवीला नाही म्हणतं, तिच्यावर बोर्ड हो म्हणू शकतं. अशा वेळी 'सायकॉलॉजिकल असोसिएट' म्हणून बोर्डाकडे नाव नोंदवून एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली क्लिनिकमध्ये तास भरायचे, हा मार्ग तुझ्यासाठी सगळ्यात जवळचा. तुझ्या जागी मी असते तर हाच धरला असता. तुम्ही दोघं वॉशिंग्टन किंवा टेक्सासला गेलात की नियम नव्याने वाचायचे, कारण प्रत्येक राज्याचं बोर्ड स्वतंत्र. तुझ्या नवऱ्याची नोकरी बदलायची शक्यता असेल तर आधी राज्य ठरवा.

आता एच-फोर. या व्हिसावर शिकता येतं, पगार घेता येत नाही. नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर असेल तर २०१५च्या नियमाप्रमाणे तुला ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मिळू शकतं, नाहीतर बहुतेक वेळा घरी बसणं आलं. त्यातही ३० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, की त्या दिवशी काम थांबतं आणि तासही थांबतात. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज दाखल करता येतो त्याच दिवशी करायचा. इथेच पुन्हा डॉक्टरेट करायचं ठरवलंस, तर ईएडी नसल्यास पगारी इंटर्नशिपच्या आधी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, ते विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोलून ठरव.

मी स्वतः एफ-वनवर येऊन इथेच पीएच.डी. केली, म्हणून हॉस्पिटलातल्या पोस्टडॉकबद्दल आतून सांगू शकते. पहिले काही दिवस लसींचे दाखले, टीबीची तपासणी, बोटांचे ठसे आणि एपिक या रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण. त्यानंतर कन्सल्ट, म्हणजे इतर वॉर्डांतून रुग्ण बघायची बोलावणी, येऊ लागतात. एकदा मेडिसिनच्या वॉर्डातून निरोप आला: 'रुग्ण बोलत नाही, जेवत नाही, डायलिसिसला नको म्हणतो, डिप्रेशन बघा.' मी आधी नोंदी वाचल्या, मग नर्सला गाठलं. ती म्हणाली, काल संध्याकाळी तो मुलीशी छान गप्पा मारत होता, पहाटेपासून असा. खोलीत गेले तर तो माझ्याकडे बघायचा आणि वाक्य अर्ध्यावर सोडायचा. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, शुक्रवारनंतर अडकला. ते डिप्रेशन नव्हतंच, डिलिरियम होतं, म्हणजे शारीरिक आजारामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, आणि तोही शांत प्रकारचा. त्याला समुपदेशन नको होतं, कोणीतरी संसर्ग आणि औषधं तपासायला हवी होती. मेडिसिनच्या रेसिडेंटला फोन करून दोन वाक्यांत हे सांगता येणं, हेच त्या वर्षात शिकायचं असतं. पानभर अहवाल कोणी वाचत नाही. लिहिलेली प्रत्येक नोंद सुपरवायझरच्या सहीनंतरच पक्की होते.

सुपरव्हिजन हा आपल्या मुलींना जड जाणारा भाग. एपीपीआयसी या इंटर्नशिप-पोस्टडॉक केंद्रांच्या संघटनेच्या सदस्य कार्यक्रमांत आठवड्याला किमान दोन तास एकास-एक सुपरव्हिजन असते. सुपरवायझरला नावाने हाक मारायची, मॅडम-सर नाही. तुझ्या सेशनचं रेकॉर्डिंग लावून ती विचारते, इथे तू गप्प का राहिलीस? आपण वाट बघत बसतो की आता बरोबर काय ते ती सांगेल. ती सांगत नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा.

आणखी एक, वॉर्डात कोणी मराठी आजोबा भेटले तरी लगेच मराठीत सुरू व्हायचं नाही. अनेक हॉस्पिटलांत भाषेची चाचणी देऊन मान्यता घ्यावी लागते. तोपर्यंत पलंगाजवळ टॅब्लेटवर दुभाषी, तोही कधीकधी हिंदीचा, आणि आजोबा माझ्याकडेच बघून मराठीत बोलणार.

पैशाचं लवकर सांगते. अनेक ठिकाणी एनआयएचच्या मानधनाच्या तक्त्याच्या आसपास देतात, २०२५ साली पहिल्या वर्षाला ६२,२३२ डॉलर. बे एरियात एका बेडरूमचं भाडंच महिना अडीच-तीन हजार. नवऱ्याचा पगार आहे म्हणून भागेल, एकटीचं नाही.

निघण्याआधी पुण्यातून हे घेऊन ये, कारण नंतर भाऊ-बहिणींना विद्यापीठाच्या खिडकीवर उभं करावं लागतं: बी.ए.पासूनच्या ट्रान्सक्रिप्ट्स बंद लिफाफ्यात, एम.फिल. आणि पीएच.डी.चा सविस्तर अभ्यासक्रम शिक्क्यासह, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाईडच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र, ज्यात किती तास रुग्ण पाहिले, किती तास सुपरव्हिजन झाली आणि कुठल्या चाचण्या दिल्या हे आकड्यांत असेल. 'अत्यंत मेहनती विद्यार्थिनी' याचा इथे काही उपयोग नाही. आरसीआयची नोंदणी चालू ठेव, त्यासाठी लागणारे सीआरईचे (चालू प्रशिक्षणाचे) पॉइंट ऑनलाइन मिळतात.

आता तू मला दोन गोष्टी कळव: नवऱ्याचा आय-१४० कुठवर आलाय, आणि प्रबंधाचा विषय नेमका काय. त्यावरून कुणाला ईमेल करायचा ते आपण बसून ठरवू.