पांढरपेशा, मध्यमवर्गीय, उच्चभ्रू

प्रश्न असा आला आहे: 'सैराट'बद्दल लिहिताना आर्चीच्या घराला 'पांढरपेशं, उच्चभ्रू घर' म्हटलं तर चालेल का? पांढरपेशा म्हणजे मध्यमवर्गीयच ना? आणि हा शब्द 'व्हाइट कॉलर'वरून पाडलेला आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. इंग्रजीतला तो शब्दप्रयोग विसाव्या शतकातला. आपले पांढरपेशे त्याआधीच, एकोणिसाव्या शतकातल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या महसुली कागदांत भेटतात. तिथे तो जमिनीच्या खातेदारांचा एक वेगळा वर्गच होता. हे वरच्या जातींतले लोक स्वतः नांगर धरत नसत, त्यांना मजूर लावावे लागत, या सबबीवर त्यांना शेतसारा कमी बसे. हाताने काम न करण्याबद्दल सवलत! शब्दाचा सगळा स्वभाव यात आला. उत्तरपदात बरेच जण 'पेशा' म्हणजे धंदा पाहतात. माझा कौल फारसी 'पोश'ला, म्हणजे 'पांघरलेला, घातलेला' या अर्थाला. पायपोस आणि पलंगपोस यांत तोच आहे, आणि हिंदी-उर्दूतला 'सफेदपोश' तर याचा सख्खा भाऊ शोभतो. 'पेशा'च्या ओढीने रूप बदललं असावं.

म्हणूनच 'मध्यमवर्गीय' हा त्याचा पर्याय नव्हे. मध्यमवर्गीय हे उत्पन्नाचं माप. पांढरपेशेपण पगारावर ठरत नाही. तुटपुंज्या पगाराचा कारकून पांढरपेशाच, आणि त्याच चाळीतला, कदाचित त्याच्याहून जास्त कमावणारा गिरणीतला जॉबर (कामगारांचा मुकादम) मात्र नाही. हातांना काय लागतं, शाई की तेल, यावर ते ठरतं. आणि कुणाच्या हातांना काय लागायचं हे आपल्याकडे बराच काळ जातच ठरवत आली. 'मध्यमवर्गीय' म्हणताना ही जात झाकली जाते, 'पांढरपेशा'मध्ये ती डोकावत राहते.

आणखी एक फरक बोलणाऱ्याच्या जागेचा. 'आम्ही मध्यमवर्गीय माणसं' असं लोक सहज म्हणतात, थोडं कौतुकानेही. 'आम्ही पांढरपेशे' म्हणणारा बहुधा स्वतःला चिमटा काढत असतो. एरवी हा शब्द बाहेरून, बोट दाखवून येतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाच्या (१९७२) प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी तो नेमका वापरला: पांढरपेशा जगाची हद्द संपते तिथून ढसाळांच्या कवितेचं जग सुरू होतं. तिथे नुसतं 'मध्यमवर्गीय जग' लिहिलं असतं तर ती हद्द इतकी ठळक झाली नसती. दलित साहित्याच्या चर्चेत 'पांढरपेशी अभिरुची' हा आरोप असतो, वर्णन नव्हे.

(शब्द पुरुषी आहे, हेही जाता जाता. बाईला 'पांढरपेशी' कुणी फारसं म्हणत नाही. ती 'पांढरपेशा घरातली' असते.)

भाषांतरित शब्द हवाच असेल तर 'उच्चभ्रू' घ्या. तो 'हायब्रो'वरून उचललेला. तिकडे त्याचा संबंध बौद्धिक अभिरुचीशी, आपल्याकडे बातम्यांतल्या 'उच्चभ्रू वस्ती'मुळे तो सरळ पैशावर आला. 'पांढरपेशी गुन्हेगारी'ची गोष्ट वेगळी: अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या 'व्हाइट कॉलर क्राइम' या कल्पनेसाठी मराठीने घरातलाच जुना शब्द काढून दिला.

आता आर्चीचं घर. बागायती जमीन, राजकारण, गावावर वचक. तिचे वडील तात्या श्रीमंत आहेत, पण ना पांढरपेशे ना मध्यमवर्गीय. पुढाऱ्याचे कपडे कितीही शुभ्र असले तरी. 'उच्चभ्रू'ही तिथे शहरी वाटतो. मी सरळ 'बागायतदार पुढाऱ्याचं घर' लिहीन. पांढरपेशा पात्र दाखवायचं तर 'कोर्ट'मधल्या सरकारी वकील बाई घ्या. त्याच चित्रपटातला बचावाचा वकील विनय व्होरा मात्र 'उच्चभ्रू'कडे झुकतो. दोघांचा पेशा एकच, हे वाक्यात आलं की फरक आपोआप कळेल.