इवल्या आरएनएंचा जननपेशींवरील पहारा

प्रश्न : पेशीतील महत्त्वाची कामे प्रथिने करतात आणि आरएनए हा केवळ निरोप पोहोचवणारा रेणू आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. आता मात्र पंचवीस-तीस अक्षरांच्या आरएनएवाचून शुक्रपेशी तयारच होत नाहीत, असे वाचनात आले. ज्यापासून एकही प्रथिन बनत नाही, असा एवढासा रेणू जननपेशींची घडण कशी ठरवतो? या ज्ञानाचा वंध्यत्वाच्या उपचारात उपयोग होतो का?

उत्तर : शाळेत शिकलेले खरेच आहे, फक्त ते अपुरे आहे. लघु-आरएनए एकट्याने काही करत नाही. आर्गोनॉट कुळातील एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत तो बसतो आणि ज्या आरएनएशी त्याची अक्षरे, म्हणजे साखळीतील रासायनिक घटक, जुळतात, त्याच्यापाशी त्या प्रथिनाला नेऊन पोहोचवतो. समोरचा आरएनए कापण्याची किंवा त्याचे काम थांबवण्याची शक्ती प्रथिनाकडे असते. नेमका कोणता आरएनए गाठायचा, हे मात्र त्या वीस-तीस अक्षरांवरून ठरते.

अशा रेणूंचे अनेक प्रकार आहेत. सुमारे २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असतात. त्यांपैकी पहिला १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडला आणि त्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराच्या भ्रूणात काही पेशींनी जननपेशी व्हायचे, हे ठरण्यातही त्यांचा वाटा असतो : लेट-७ नावाचा मायक्रोआरएनए त्यासाठी लागणारे एक प्रथिन तयार होऊ देत नाही आणि लिन-२८ हे प्रथिन लेट-७ला अडवते, तेव्हाच त्या पेशींचा मार्ग मोकळा होतो.

तुमच्या वाचनात आलेले रेणू मात्र बहुधा पाय-आरएनए (piRNA) असावेत. सस्तन प्राण्यांत ते साधारण २४ ते ३१ अक्षरांचे असतात, मुख्यतः जननग्रंथींत आढळतात आणि त्यांच्या वृषणातील अस्तित्वाचे वर्णन २००६ मध्ये झाले. ज्या पिवी प्रथिनांच्या खोबणीत ते बसतात, त्यांचे नाव फळमाशीच्या एका जनुकावरून आले आहे. ते जनुक बिघडले की माशीच्या जननग्रंथीतील मूळपेशी टिकत नाहीत.

जननपेशींनाच या रेणूंची एवढी गरज का भासते, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. आपल्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग ट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यांपासून किंवा त्यांच्या अवशेषांपासून बनलेला आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात ते प्रथम ओळखले आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. यांतील बहुतेक तुकडे आता निष्क्रिय असले, तरी उरलेले एखाद्या जनुकात घुसून ते मोडू शकतात. सामान्य पेशीत डीएनएवर चिकटलेले मिथिल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, त्यांना कुलूपबंद ठेवतात. भ्रूणातील कोवळ्या जननपेशी मात्र पुढच्या पिढीसाठी नवी सुरुवात करताना या मिथिल खुणा मोठ्या प्रमाणावर पुसून टाकतात. कुलपे निघतात आणि ट्रान्सपोझॉन जागे होण्याचा धोका वाढतो. तोही अशा पेशीत, जिथे झालेले नुकसान अपत्यापर्यंत पोहोचू शकते.

नेमक्या याच काळात पाय-आरएनए कामाला येतात. उंदराच्या नर भ्रूणात ते जाग्या झालेल्या ट्रान्सपोझॉनचे आरएनए कापतात, त्या कापण्यातून नवे पाय-आरएनए घडतात, म्हणजे शत्रूच्या तुकड्यांतूनच पहारेकरी वाढत जातात. त्यांपैकी काही मिवी-२ या पिवी कुळातील प्रथिनासोबत केंद्रकात शिरून त्या जागांवर पुन्हा मिथिल गट बसवण्याची सोय करतात. हे प्रथिन नसलेल्या नर उंदरात शुक्रपेशींची घडण अर्धसूत्री विभाजनाच्या टप्प्यावर अडते आणि प्राणी वंध्य होतो.

फळमाशीतील एक उदाहरण मला फार बोलके वाटते. पी नावाचा ट्रान्सपोझॉन असलेला नर आणि तो नसलेली मादी यांच्या संततीतील जननग्रंथी खुरटतात, पण हीच जोडी उलटी केली तर संतती निरोगी निघते. डीएनए दोन्हीकडे सारखाच असतो. फरक एवढाच की पी बाळगणारी आई अंड्यात त्याविरुद्धचे पाय-आरएनए ठेवून जाते आणि बापाकडून ते मिळत नाहीत.

मादीच्या बाबतीत उंदीर फसवे ठरले. पिवी प्रथिने नसलेल्या उंदीरमाद्या प्रजननक्षम राहतात, त्यामुळे बीजांडांना या यंत्रणेची फारशी गरज नसावी असे वाटत होते. मात्र उंदराच्या बीजांडात लघु-आरएनएचा दुसरा प्रकार हा भार उचलतो, आणि माणसातील चारपैकी एक पिवी जनुक उंदरात नाहीच. सोनेरी हॅम्स्टरमध्ये चारही जनुके आहेत; तिथे पिवी-एल-१ काढून टाकल्यावर माद्याही वंध्य झाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. म्हणूनच उंदरावरचा निष्कर्ष माणसाला थेट लावू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

उपचाराबद्दल : वीर्यात शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांमध्ये पीएनएलडीसी-१ या जनुकात बिघाड आढळला आहे, या जनुकाचे प्रथिन पाय-आरएनएची टोके छाटून त्यांना योग्य लांबी देते. अशा जनुकीय तपासणीतून कारण कळू शकते, पण पाय-आरएनए देऊन शुक्रपेशींची घडण पुन्हा सुरू करणारे औषध आज उपलब्ध नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर पैसे खर्च करू नयेत.